कॉलम दहामधली तारीख

इंग्लंडमध्ये नुकतंच पक्कं लायसन्स मिळालंय आणि त्यावर गाडी भाड्याने घ्यायचा विचार चाललाय, अशा कुणासाठी हे लिहितेय. मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे १४८ पौंड आणि आई-बाबांचा एक शुक्रवार वाचला असता. जसं घडलं त्याच क्रमाने सांगते. तारखा आणि आकडे माझ्या खर्चाच्या वहीतले आहेत.

मी लीड्सला आले ११ सप्टेंबर २०२२ ला. पर्समध्ये नाशिक आरटीओचं २०११ चं लायसन्स होतं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, त्यांनीच मला आमच्या मारुती ८०० वर शिकवलं. पुढे पुण्यात नोकरीला असताना मी रोज चांदणी चौकातून गाडी काढत होते. त्यामुळे गाडी चालवता येते की नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातच नव्हता. इथे राहायला आल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, हे मला माहीत होतं. त्यानंतर काय, याचा विचार मी केला नाही. घराजवळ बस होती, ऑफिस चालत वीस मिनिटांवर होतं, नवरा गाडी चालवत नाही. ते बारा महिने तसेच निघून गेले.

ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांचं लायसन्स इथे बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. म्हणजे सप्टेंबर २०२३ नंतर माझ्या बारा वर्षांच्या लायसन्सला इथल्या रस्त्यावर काही अर्थ उरला नव्हता आणि मला कच्च्या लायसन्सपासून सुरुवात करायची होती. तुम्ही अजून पहिल्या वर्षात असाल तर कच्च्या लायसन्सचा अर्ज आजच करा. ते बारा महिने चालू असेपर्यंत भारतीय लायसन्सवर एकट्याने सराव करता येतो. नंतर 'एल'ची पाटी लावून शेजारी दुसरं कुणी बसवावं लागतं. ती व्यक्ती किमान २१ वर्षांची आणि तीन वर्षं पक्कं लायसन्स असलेली हवी. आमच्या ओळखीत असं कुणी मोकळं नव्हतं.

२०२४ च्या सुरुवातीला बाबा फोनवर म्हणाले, "पुढच्या वर्षी उन्हाळ्यात येऊ म्हणतोय आम्ही." आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बस बदलत, प्लॅटफॉर्मचे जिने चढत तिला कुठे कुठे नेणार? त्या रात्रीच ठरवलं की ते येईपर्यंत लायसन्स काढायचं.

४ मार्च २०२४ ला ऑनलाइन अर्ज केला. फी ३४ पौंड, पोस्टाने केला तर ४३. ओळखपत्र म्हणून माझं रेसिडेन्स परमिटचं कार्ड स्वान्सीला डीव्हीएलए, म्हणजे इथे लायसन्स देणारी सरकारी संस्था, तिच्या कार्यालयात पाठवावं लागलं. हे कार्ड घराबाहेर असण्याची मला फार धास्ती वाटली. मी ते नोंदणीकृत टपालाने पाठवलं आणि पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले. बारा दिवसांनी कार्ड परत आलं, त्याच आठवड्यात हिरव्या रंगाचं कच्चं लायसन्सही आलं. त्या दिवसांत कुठे प्रवासाला जायचं असेल तर अर्ज पुढे ढकला.

लेखी परीक्षा २६ एप्रिलला दिली. फी २३ पौंड. दोन भाग असतात. पहिल्यात ५० प्रश्न, ५७ मिनिटं, ४३ बरोबर यावे लागतात. हायवे कोड, म्हणजे इथल्या रहदारीच्या नियमांचं पुस्तक, नीट वाचलं की हा भाग निघतो. पण वाचायलाच हवं, आपल्या अनुभवावर विसंबून चालत नाही. उदाहरणार्थ, तुम्ही गल्लीत वळताय आणि तिथे कुणी रस्ता ओलांडायला उभं आहे, तर त्या माणसाला आधी जाऊ द्यायचं, असा नियम जानेवारी २०२२ पासून आहे. दुसरा भाग धोका ओळखण्याचा. चौदा व्हिडिओ, धोका तयार होताना दिसला की माउस दाबायचा. ७५ पैकी ४४ गुण लागतात. मी सरावात पहिल्यांदा नापास झाले, कारण पुण्यात चालवलेल्या माणसाला धोका फार लवकर दिसतो. फुटपाथवरचा मुलगा चेंडू घेऊन उभा आहे एवढ्यानेच मी बटण दाबायची. तो गुण मिळायची वेळ सुरू व्हायच्या आधीचा क्लिक असतो, त्याला गुण नाहीत. आणि सारखं सारखं दाबलं तर त्या व्हिडिओला शून्य. दिसला की एकदा दाबायचं, आणि तो खरंच पुढे सरकला की पुन्हा एकदा, असं बसवल्यावर जमलं. मला ५८ मिळाले. केंद्रात खिसे रिकामे करून दाखवावे लागतात, घड्याळही लॉकरमध्ये जातं. कच्चं लायसन्स घरी विसरलात तर फी बुडते.

लेखीचा निकाल दोन वर्षं चालतो. खरी रांग पुढे आहे.

प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखा २४ आठवड्यांपर्यंतच्या उघडतात, आणि नव्या आठवड्याच्या तारखा सोमवारी सकाळी सहाला येतात. २९ एप्रिलला मी सव्वासहाला उघडून बसले तर सगळं संपलेलं. ६ मे ला पावणेसहापासून बसले, रांगेत नंबर लागला, आणि हॉर्सफर्थच्या केंद्रावर २३ ऑक्टोबरची तारीख मिळाली. साडेपाच महिने! फी ६२ पौंड, शनिवारी किंवा संध्याकाळी ७५. तारखा आधी अडवून ठेवून जास्त पैशांत विकणारे लोक मला मेसेज करत होते. त्यांच्या नादी लागू नका. सरकारी संकेतस्थळावर मिळते तीच तारीख खरी.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हा निर्णय याच टप्प्यावर होतो आणि भाड्याच्या गाडीशी त्याचा थेट संबंध आहे. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. भाड्याने घेताना ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात आणि महाग पडतात. मी गिअरवरच शिकलेली होते, म्हणून मॅन्युअल घेतली.

ऑगस्टपासून इन्स्ट्रक्टरकडे जायला लागले. तासाला ३८ पौंड, दर रविवारी दोन तास, एकूण २४ तास. ते ब्रॅडफर्डचे, साठीच्या आसपासचे, माझ्याशी उर्दू आणि इंग्रजी मिसळून बोलायचे. पहिल्या दिवशी वीस मिनिटं शांत बसून राहिले. मग म्हणाले, गाडी तुला येते, पण तू आरशात बघतेस हे मला दिसत नाही. मी बघत होते! फक्त डोळे हलवून. परीक्षकाला मान हललेली दिसली पाहिजे. हा एक वाक्यातला सल्ला मला त्या सगळ्या पैशांइतका मोलाचा वाटतो. इंडिकेटरच्या आधी आरसा, वेग कमी करायच्या आधी आरसा, निघताना उजव्या खांद्यावरून मागे एक नजर.

बाकी बारा वर्षांच्या सवयी एकेक करून सोडवाव्या लागल्या. सिग्नल दिसला की न्यूट्रलमध्ये टाकून गाडी घरंगळत न्यायची पुण्याची सवय. इथे ती चूक धरतात, कारण तेवढा वेळ गाडीवर इंजिनाचा ताबा नसतो. डावा हात कायम गिअरवर. उभ्या असलेल्या बसला वळसा घालायची घाई. आणि राउंडअबाउट. आपल्याकडे सर्कलला ज्याने आधी नाक घातलं त्याचा रस्ता. इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि कुठल्या लेनमध्ये उभं राहायचं ते शंभर मीटर आधीच ठरवायचं.

२३ ऑक्टोबरला मी नेमकी त्यातच नापास झाले. आधी वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचून दाखवली. इंजिनातलं ऑइल कसं तपासायचं ते सांगितलं. सॅटनॅव्ह लावून वीस मिनिटं चालवून झालं, सगळं ठीक होतं. परत येताना एका छोट्या राउंडअबाउटवर मला वाटलं जागा आहे, मी निघाले, आणि उजवीकडच्या व्हॅनला ब्रेक दाबावा लागला. ती एकच गंभीर चूक. पंधरापर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर एकही नाही. परीक्षक सौम्यपणे बोलले, पण गाडीतून उतरल्यावर मला रडू आलं. इतकी वर्षं मुंबई-नाशिक रस्त्यावर चालवलेल्या बाईला इथे नापास म्हणतात, हे सहन होत नव्हतं. रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, "त्या व्हॅनवाल्याला ब्रेक दाबावा लागला ना? मग बरोबर आहे त्यांचं." त्यानंतर मला त्याचं वाईट वाटणं थांबलं.

पुन्हा परीक्षेसाठी निदान दहा कामाचे दिवस थांबावं लागतं. मी पुढच्या वर्षाची जी मिळेल ती तारीख आधी घेतली आणि मग रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत रद्द झालेल्या तारखा बघत राहिले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १० डिसेंबर दिसली, बदलून घेतली. आधी तारीख हातात असली की ती अलीकडे आणणं सोपं जातं.

१० डिसेंबर २०२४, मंगळवार, सकाळी ८.१०. रस्त्याच्या कडेला पांढरं दव गोठलेलं. पाच किरकोळ चुका, पास. परीक्षकांनी कच्चं लायसन्स ठेवून घेतलं, प्रमाणपत्र दिलं आणि सांगितलं की कार्ड यायची वाट न बघता आजपासून चालवू शकता. पक्कं गुलाबी कार्ड ३० डिसेंबरला आलं.

इथवरचा हिशेब : अर्ज ३४, लेखी २३, दोन परीक्षा १२४, शिकवणी ९१२, दोन्ही परीक्षांच्या दिवशी इन्स्ट्रक्टरची गाडी १५२. एकूण १,२४५ पौंड.

मार्च २०२५ मध्ये आम्ही घर बदललं. पत्ता बदलला की लायसन्सवरही बदलावा लागतो. फुकट आहे, ऑनलाइन होतं, पण केलं नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आठवडाभरात नवीन कार्ड आलं. इथे एक गोष्ट नीट बघून ठेवा. कार्डाच्या पुढच्या बाजूला '४ए' समोरची तारीख म्हणजे ते कार्ड कधी छापलं. माझी ती आता मार्च २०२५ झाली. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांचा तक्ता असतो. त्यात 'बी' म्हणजे मोटारगाडीच्या ओळीत, कॉलम १० मध्ये, तुम्हाला गाडी चालवायचा हक्क कधीपासून मिळाला ती तारीख असते. माझी १०.१२.२४. भाड्याने गाडी देणारे ही मागची तारीख बघतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

आई-बाबा ५ मे ला आले. २६ मे च्या सोमवारी बँक हॉलिडे होता, म्हणून मी शुक्रवार ते सोमवार लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे इथल्या तळ्या-डोंगरांच्या भागात, जायचं ठरवलं. भावांची तुलना करणाऱ्या एका संकेतस्थळावरून १४८ पौंडांत गाडी घेतली, पैसे आधीच भरले. माझं वय ३६ विचारलं, राहण्याचा देश विचारला. लायसन्स कधीचं आहे हे कुठल्याही पानावर विचारलं नाही.

२३ मे. बॅगा भरलेल्या, आईने तिखटमिठाच्या पुऱ्या केलेल्या. आम्ही तिघं टॅक्सीने काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने लायसन्स घेतलं, उलटं केलं, आणि बोट त्या तक्त्यावर ठेवलं. मग चेक कोड, म्हणजे लायसन्सची सरकारी नोंद बघायचा कोड, मागितला. हा कोड सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढायचा असतो. लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पिनकोड घातला की मिळतो, २१ दिवस चालतो आणि एकदाच वापरता येतो. मी काढून नेला होता. तिने तो टाकला आणि म्हणाली, तुमच्या लायसन्सला साडेपाच महिने झालेत, आमच्या विम्याची अट एका वर्षाची आहे, गाडी देता येणार नाही.

मी माझं नाशिकचं कार्ड दाखवलं, २०११ चं. ती म्हणाली, तुम्ही इथल्या रहिवासी आहात, त्यामुळे इथलंच लायसन्स धरावं लागतं. मग तिने बाबांकडे बघून विचारलं की तुमच्याबरोबरचे पाहुणे गाडी चालवतात का. बाबांचं लायसन्स त्यांच्या पाकिटात कायम असतं. पाहुणे म्हणून आलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, आणि त्यांच्या लायसन्सला चाळीस वर्षं झाली होती. म्हणजे अठरा दिवसांपूर्वी विमानातून उतरलेल्या बाबांना ती गाडी मिळू शकत होती आणि मला नव्हती. बाबा लगेच नाही म्हणाले. "मला इथले रस्ते माहीत नाहीत. चावी माहीत असलेल्या माणसाच्या हातात हवी." मला त्यांचं ते म्हणणं आजही पटतं, आणि तेव्हाही पटलं होतं, जरी घशात आवंढा होता.

पैसे परत मिळाले नाहीत. चालकासाठीच्या अटी वेगळ्या पानावर होत्या, त्यात एक वर्षाची अट लिहिलेली होती. मी ती वाचली नव्हती. पण पैसे घेताना एक साधा प्रश्न विचारला असता तर ही वेळ कुणावरच आली नसती, असं मला अजूनही वाटतं. पुऱ्या आम्ही राउंडहे पार्कच्या बाकावर बसून खाल्ल्या.

पुढचे दोन आठवडे मी फोन केले. वहीत अकरा नावं आहेत. आठ ठिकाणी सरळ नाही. दोन ठिकाणी म्हणाले, आधी भरा, काउंटरवर बघू. असं कुणी म्हटलं तर पुढे जाऊ नका. अकरावं ठिकाण लीड्सच्याच बाहेरच्या भागातलं, एका गॅरेजला जोडून असलेलं, बारा-पंधरा गाड्या असतील. तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "पास कधी झालात?" तारीख सांगितल्यावर म्हणाला, विमा कंपनीला विचारून कळवतो. त्याने माझ्याकडून चार गोष्टी ईमेलने मागितल्या : इथलं लायसन्स दोन्ही बाजूंनी, चेक कोड, भारतीय लायसन्स, आणि भारतीय लायसन्सची सरकारी नोंद. शेवटच्यासाठी मी भारत सरकारच्या सारथी पोर्टलवरून माझ्या लायसन्सच्या नोंदीची प्रिंट काढली. दोन दिवसांनी उत्तर आलं. वय २५ च्या वर असल्यामुळे आणि आधीचा अनुभव कागदावर असल्यामुळे छोटी गाडी देता येईल, नवीन चालकाचा अधिभार दिवसाला १२ पौंड, आणि अपघात झाल्यास माझ्या खिशातून जाणारी रक्कम १,५०० पौंडांपर्यंत. हे सगळं त्याने ईमेलमध्ये लिहून दिलं. मी तेच मागितलं होतं, आणि तुम्हीही लेखी उत्तर मिळाल्याशिवाय एक पैसा भरू नका.

२० जूनचा शुक्रवार ते २३ जूनच्या सोमवारी सकाळी ९ पर्यंत, तीन दिवसांचं भाडं धरलं. दिवसाला ४२ प्रमाणे १२६, अधिभार ३६, एकूण १६२. त्या १,५०० च्या जोखमीसाठी मी वेगळ्या विमा कंपनीकडून तीन दिवसांचं संरक्षण घेतलं, १४ पौंड. काउंटरवर हेच संरक्षण खूप महाग पडतं. पण वेगळं घेतलं तर अपघातानंतर आधी आपण पैसे भरायचे आणि मग विमा कंपनीकडून वसूल करायचे, एवढी तयारी हवी. ३०० पौंडांची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं, नवऱ्याचं चालत नाही. पत्त्याचे दोन पुरावे मागितले, तीन महिन्यांच्या आतले. मोबाईलचं बिल घेत नाहीत. मी विजेचं बिल आणि बँकेचं स्टेटमेंट नेलं. पत्ता लायसन्सवरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, फ्लॅट नंबरसकट.

२० जूनला सकाळी दहाला आम्ही पोहोचलो. राखाडी रंगाची कोर्सा, पाच गिअर, पेट्रोल. तो माणूस माझ्याबरोबर कागद भरत होता तोवर बाबा गाडीभोवती फिरायला लागले. वर्कशॉपमध्ये डेपोतून गाडी सोडायच्या आधी फिरायचे तसेच, डावीकडून सुरुवात करून. गुडघ्यावर बसून त्यांनी पुढच्या बंपरच्या खालून हात फिरवला आणि मला हाक मारली. खालच्या कडेला बोटभर लांब ओरखडा होता, उभं राहून दिसणार नाही असा. मागच्या डाव्या चाकाची रिमही फुटपाथला घासलेली होती. फॉर्मवर फक्त रिमची नोंद होती. मी त्या माणसाला दाखवलं, त्याने कुरकूर न करता ओरखडा लिहून सही केली. मी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढला, पेट्रोलचा काटा आणि मैलांचा आकडाही. मग बाबांनी टायर बघितले, स्टेपनी विचारली. स्टेपनी नव्हती, हवा भरायचा पंप आणि छेद बुजवायची बाटली होती. बाबांना ते अजिबात पटलं नाही. आईने बॉनेटला हात लावून नमस्कार केला आणि मागे बसली.

पहिली दहा मिनिटं मी त्यांच्याच आवारात फिरवली. क्लच कुठे पकडतो, रिव्हर्स कसा पडतो, वायपर आणि इंडिकेटर कुठल्या हाताला आहेत. परीक्षा एका गाडीवर दिलेली, ही दुसरी. गेल्या सहा महिन्यांत मी स्टिअरिंगला हातही लावलेला नव्हता, म्हणून आदल्या रविवारी इन्स्ट्रक्टरबरोबर दोन तास पुन्हा घेतले होते. ते ७६ पौंड मला जड वाटले नाहीत.

मोटरवे टाळून ए६५ ने गेले. लीड्सहून इल्कली, स्किप्टन, सेटल, इंगलटन करत हा रस्ता केंडलकडे जातो, विंडरमिअर तिथून जवळ. साधारण ७५ मैल. स्किप्टनच्या पुढे दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती आणि मेंढ्या. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की अशा दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैलांची मर्यादा असते. ती मर्यादा आहे, तेवढ्याने चालवलंच पाहिजे असं नाही. मी ४५-५० ने जात होते आणि मागे पाच-सहा गाड्या साठल्या. आधी मला घाम फुटला. मग लक्षात आलं की दर थोड्या अंतरावर कडेला थांबायची जागा असते. इंडिकेटर देऊन आत घेतलं, सगळ्यांना जाऊ दिलं. दोघांनी हात दाखवला. तीन दिवसांत मी असं सात-आठ वेळा केलं. कर्बी लॉन्सडेलला डेव्हिल्स ब्रिजजवळ थांबून चहा घेतला. लीड्स सोडून दोन तास झाले होते, तेव्हा कुठे माझे खांदे खाली आले.

शनिवारी कर्कस्टोन पास. लेक डिस्ट्रिक्टमधला गाडीने ओलांडता येणारा सगळ्यात उंच घाट, ४५४ मीटर. अॅम्बलसाइडहून वर येणारा जो रस्ता आहे त्याचं नावच 'द स्ट्रगल' आहे. तो मी टाळला, ट्राउटबेकच्या बाजूने ए५९२ ने चढले. आपल्या कसाऱ्याच्या मानाने उंची काहीच नाही, पण रस्ता अरुंद, भिंती अगदी आरशाला लागून, आणि समोरून मिनीबस. समोरून मोठी गाडी आली की भिंतीकडे दाबून घेऊ नका. जिथे रुंदी आहे तिथेच आधी थांबा आणि तिला येऊ द्या. माथ्यावर थांबून आईने बाहेर बघितलं आणि म्हणाली, "एवढं हिरवं, आणि झाडच नाही गं." उतार लागला तेव्हा बाबा बोलायला लागले, "दुसऱ्यात..." आणि थांबले. गाडी आधीच दुसऱ्या गिअरमध्ये होती. खाली ब्रदर्स वॉटरचं तळं दिसेपर्यंत ते काही बोलले नाहीत. ग्लेनरिडिंगच्या धक्क्यावरून आम्ही उल्सवॉटर तळ्यातल्या बोटीत बसलो. आईला एकही जिना चढावा लागला नाही.

पार्किंगचं सांगते. तिथल्या बऱ्याच पार्किंगमध्ये मशीन किंवा मोबाईलचं अॅप असतं, आणि रेंज जाते. अॅप घरीच उतरवून, कार्ड जोडून ठेवा. नंबर टाकताना भाड्याच्या गाडीचा आहे ना, बघा. मी प्लेटचा फोटो फोनच्या पडद्यावर लावला होता. दंड झाला तर दंडाशिवाय गाडीवाल्याचं हाताळणी शुल्क वेगळं लागतं. आणि पेट्रोल भरताना हिरवा नोझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. आधी स्वतः भरायचं, मग आत जाऊन पैसे द्यायचे. रविवारी संध्याकाळी परत येताना गॅरेजपासून दोन मैलांवर टाकी पुन्हा पूर्ण भरली, ३१ पौंड. पावती जपून ठेवली.

सोमवारी सकाळी पावणेनऊला बाबा माझ्याबरोबर चावी द्यायला आले. या वेळी काउंटरवर दुसरा, तरुण मुलगा होता. तो टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला आणि म्हणाला, बंपरला खाली ओरखडा आहे. मी फॉर्म पुढे केला. त्याने शुक्रवारची नोंद आणि सही बघितली, मान हलवली, चावी खुंटीला लावली. अनामत गुरुवारी मोकळी झाली, पूर्ण ३०० पौंड.

बसस्टॉपवर बाबांनी माझं लायसन्स मागून घेतलं. चष्मा वर करून मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचत बसले. "दहा डिसेंबरला वर्ष होतं का गं?" मी हो म्हटलं. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि डिसेंबरच्या पानावर ती तारीख लिहून ठेवली.